बोलण्याची हद्द

बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ बार्शीहून पुढे सरकत १९०७ साली तडवळ्यापर्यंत आला आणि १९११ साली लातूरला पोचला. कापूस, भुईमूग आणि पंढरीचे वारकरी यांच्यासाठी म्हणून टाकलेल्या या रुळांवरून १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कसबे तडवळे या गावी आले. २२ आणि २३ फेब्रुवारी असे दोन दिवस तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली. गावकऱ्यांनी बैलगाडीतून त्यांची मिरवणूक काढली. मुक्काम गावातल्या शाळेत होता. धाराशिव जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना या दोन दिवसांचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपला जातो. थोर पुरुषाचे पाय गावाला लागले, एवढाच त्या ओळीचा आशय असतो. माझ्या मते त्या परिषदेच्या नावातच एक मोठा विषय दडलेला आहे. ‘वतनदार’ हा तो शब्द, आणि त्याच्यामागे उभा असलेला दुसरा शब्द म्हणजे ‘हक्क’.

आज आपण ‘मानवी हक्क’ हा शब्दप्रयोग सहज करतो. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात तो आहे, १० डिसेंबरला त्याचा दिवस साजरा होतो, सरकारी आयोगाच्या पाटीवरही तो आहे. पण अरबीतून आलेला ‘हक्क’ मराठीत नांदू लागला तो महसुलाच्या कागदपत्रांतून. देशमुखाचे हक्क, देशपांड्याचे हक्क, पाटलाचा मानपान, बलुतेदाराची पेंढी. त्या जगात हक्क माणसाला माणूस म्हणून मिळत नसे. तो वतनाला चिकटलेला असे आणि वतन जातीला. महारांच्या बाबतीत तर बावन्न हक्कांची आख्यायिकाच आहे. बीदरच्या बादशहाची सेवा अमृतनाक महाराने एवढ्या निष्ठेने केली, की बादशहाने प्रसन्न होऊन त्याच्या जातीला बावन्न हक्कांची सनद दिली, अशी ती कथा. बीदर म्हणजे धाराशिवचा शेजार. तेव्हा ही कथा या मुलखाला परकी नाही. आता त्या बावन्न हक्कांत काय होते? मेलेल्या जनावराचे कातडे, मढ्यावरचे कापड, खळ्यातला वाटा, सणासुदीची भाकरी. वर्गात बलुतेदारी शिकवताना ही यादी वाचून दाखवली की मुले आधी हसतात आणि मग गप्प होतात. ज्याला हक्क म्हणायचे ते आणि ज्याला अपमान म्हणायचे ते, एकाच यादीत आणि एकाच ओळीत बसलेले असते.

या हक्कांच्या मोबदल्यात महाराने काय करायचे, याला मात्र यादी नव्हती. सरकारी कामगाराचे ओझे वाहायचे, दवंडी द्यायची, मयताची खबर परगावी पोचवायची, सारा भरायला लोकांना चावडीवर बोलावून आणायचे. वेळ ठरलेली नाही, माणूसही ठरलेला नाही. घरातला कर्ता हजर नसेल तर बाप, भाऊ, कुणीही चालेल. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले ते याच व्यवस्थेवर बोट ठेवून. मूठभर जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्खी जात सरकारची आणि गावाची वेठबिगार झाली आहे, हे त्यांचे म्हणणे होते. ते विधेयक पार पडले नाही. १९३७ साली त्यांनी तो विषय पुन्हा विधिमंडळात नेला. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली, म्हणजे ते गेल्यानंतर दोन वर्षांनी.

तीस वर्षांच्या या प्रवासात विधिमंडळाइतकाच वाटा गावोगावच्या सभांचा होता, आणि इथे वक्त्याचे काम किती अवघड होते ते ध्यानात घ्यायला हवे. समोर बसलेल्या माणसाला ‘तुझे हक्क तुला मिळवून देतो’ असे सांगणे सोपे. ‘जे तू आजवर हक्क म्हणून छातीशी धरले आहेस तेच तुझ्या गळ्यातले लोढणे आहे, ते टाक’ असे सांगणे फार कठीण. पोटाची भाकरी त्या वतनावर होती. शिवाय वतनाला एक प्रतिष्ठाही होती, भले ती गावकुसाबाहेरची असो. हाडकी-हाडवळ्याच्या जमिनीचा तुकडा सोडायचा तर खायचे काय, हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नव्हता. तो व्यवहारी होता. महार आणि मांग या दोन जाती एका परिषदेच्या नावात जोडून येणे हीसुद्धा त्या काळात साधी गोष्ट नव्हती. दोन्ही जातींचे गावातले मान आणि कामे वेगळी, आणि त्या मानांवरून होणारी भांडणे पिढ्यान्‌पिढ्यांची. तडवळ्याच्या मांडवात त्या दोघांना शेजारी बसवले गेले, याची नोंद आपल्या इतिहासलेखनाने पुरेशी घेतलेली नाही.

मराठवाड्यात त्या काळी सभा भरवणे म्हणजे काय होते, हेही सांगायला हवे. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले एक परिपत्रक होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातले हे परिपत्रक सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची करत होते. रयतेतला मोठा भाग मराठी, तेलुगू, कानडी बोलणारा आणि कारभाराची भाषा उर्दू. तेव्हा आपल्या भाषेत चार शब्द बोलण्यासाठी आधी दुसऱ्या भाषेत अर्ज करायचा. सभेत राजकारण येणार नाही याची खात्री अधिकाऱ्याला पटायला हवी. परिणाम असा झाला की मराठवाड्यातले राजकीय वक्तृत्व कीर्तनात, गणेशोत्सवाच्या मेळ्यांत, वाचनालयाच्या वार्षिकोत्सवात आणि शाळेच्या वर्गात दडून वाढले. तुळजापूर-उमरग्याच्या टापूतल्या हिप्परगा (रवा) या खेड्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर हे त्याआधी कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करून आलेले. हिप्परग्यालाच १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. कामगार चळवळीच्या तालमीत तयार झालेला माणूस एका खेड्यातल्या शाळेत मास्तरकी करतो, हा योगायोग नव्हता. जिथे व्यासपीठाला परवाना लागत होता तिथे फळ्याला लागत नव्हता. निदान तितक्या कडकपणे नाही.

पुढे १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि १९३८ साली दुसरे लातूरला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, ते १९८२ साली वेगळे झाले. म्हणजे उघड राजकीय बोलण्याचा मराठवाड्यातला दुसरा मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. त्याच १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. जन्माआधीच बंदी घातली गेलेली अशी संस्था दुसरी सापडणे कठीण.

सवर्ण पुढाऱ्यांची ही कथा तर दलित वक्त्यांची काय असेल? १९३८ च्या ३० डिसेंबरला कन्नडजवळच्या मक्रणपूरला आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. भाऊसाहेब मोरे तिचे संयोजक. निजामाच्या हद्दीत भाषणाला बंदी होती. मग सभा शिवना नदीच्या पलीकडे, ब्रिटिश खानदेशाच्या हद्दीत भरवण्यात आली. माणसे नदी ओलांडून गेली. ‘जय भीम’ हे अभिवादन तिथून सुरू झाले असे मराठवाड्यात मानतात. पण मला त्या परिषदेतली नदी अधिक महत्त्वाची वाटते. एका तीरावर जे बोलणे गुन्हा ठरते तेच दुसऱ्या तीरावर भाषण ठरते, हे ज्या शेतमजुराने चालत जाऊन अनुभवले, त्याला कायदा, राज्य आणि अधिकार यांविषयी त्या एका दिवशी जे कळले असेल ते कुठल्याही व्याख्यानात मावणारे नव्हते. मराठवाड्याच्या सीमा तेव्हा अशाच होत्या. सोलापूर, बार्शी, नगर, खानदेश या ब्रिटिश मुलखाला लागून असलेल्या गावांना दुसऱ्या बाजूचा वारा लागत होता. तडवळ्याची परिषद बार्शीच्या रेल्वेवर भरते आणि मक्रणपूरची खानदेशाच्या वाटेवर, यामागचा भूगोल हाच आहे.

आता १९४८ कडे यावे लागते, आणि ते सोपे नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांनी सीमेवरच्या आणि आतल्या गावांत जे अत्याचार केले त्यांच्या आठवणी या जिल्ह्यात घरोघरी आहेत; हौतात्म्यांची स्मारके आहेत, दरवर्षी मुक्तिदिनाची भाषणे होतात. ते सगळे योग्यच आहे. पण पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला त्याविषयी आपल्याकडे बोलले गेले नाही. नेहरू सरकारने पाठवलेले पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे शिष्टमंडळ २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे त्यांनी नोंदवले, आणि मृतांचा आकडा कमीत कमी धरला तरी २७ ते ४० हजारांच्या घरात जातो असा अंदाज दिला. त्याच अहवालात रझाकारांच्या जुलमाचीही नोंद आहे, आणि शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही.

तारखा जरा शेजारी ठेवून पाहाव्यात. याच तीन आठवड्यांच्या मधोमध, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमातला ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणारा शब्द बदलून तिथे ‘सर्व मानव’ असा निःसंदिग्ध शब्द आणला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. मुंबई विधिमंडळात काम केलेली ही बाई तिकडे एका शब्दासाठी भांडत होती, आणि इकडे तीन वयस्क माणसे उद्ध्वस्त गावांतून साक्षी गोळा करत होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, तो जोडण्याचा माझा हेतूही नाही. पण जाहीरनाम्याचे पुढे काय झाले आणि अहवालाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. जाहीरनामा जगातल्या शेकडो भाषांत गेला. अहवाल सरकारने प्रसिद्धच केला नाही. अनेक दशकांनंतर तो अभ्यासकांच्या हाती आला आणि २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरील पुस्तकामुळे सर्वसामान्य इंग्रजी वाचकापर्यंत पोचला. त्यातली एक गोष्ट विशेष बोचते. ज्या सुंदरलाल यांचे ‘भारत में अंग्रेजी राज’ हे पुस्तक १९२९ साली ब्रिटिशांनी जप्त केले होते, त्यांचाच अहवाल स्वतंत्र भारतात बंद पाकिटात राहिला. साक्ष देणारे होते, लिहून घेणारे होते. नव्हता तो श्रोता.

त्या वेळी कॅमेरा असता तर, असा एक प्रश्न मनात येतो. कॅमेरा होता. भारत सरकारचा चित्रपट विभाग, म्हणजे फिल्म्स डिव्हिजन, स्थापन झाला तो नेमका १९४८ सालीच. पण त्या कॅमेऱ्याचे काम राष्ट्र उभारणीची दृश्ये टिपण्याचे होते. धरणे, कारखाने, पंतप्रधानांचे दौरे. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी हे वार्तापट आणि अनुबोधपट दाखवणे सक्तीचे होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या टॉकीजमध्ये तेवढ्या वेळात लोक शेंगा विकत घेऊन यायचे. ‘अनुबोधपट’ हा शब्दच पाहा. बोध देणारा वर, घेणारा खाली. पुढे रूढ झालेला ‘माहितीपट’ त्यापेक्षा बरा, तरी त्यातही माहिती देणारा आणि घेणारा अशी वाटणी आहेच. जलशाला आणि शाहिरीला ही वाटणी ठाऊक नव्हती. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांच्या गाण्यांपर्यंत जी परंपरा गेली, तिच्यात गाणारा आणि ऐकणारा एकाच वस्तीतले होते. परवानगी नाकारली गेलेले भाषण गाण्याच्या रूपाने गावात शिरत असे. मराठी माहितीपटाची खरी पूर्वपीठिका शोधायची तर ती फिल्म्स डिव्हिजनमध्ये शोधू नये, जलशात शोधावी, असे मला वाटते.

वक्त्यांच्या कथेतला स्वातंत्र्योत्तर भाग मी थोडक्यात घेतो, कारण तो बऱ्यापैकी परिचित आहे. परवाना मागणारे परिपत्रक गेले, तरी बोलण्याची हद्द संपली नाही. ती कोण आखतो एवढेच बदलत गेले. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यांचे न झालेले भाषण वृत्तपत्रांनी छापले, गावोगाव त्याचे वाचन झाले, आणि झालेल्या कित्येक भाषणांपेक्षा ते अधिक लोकांपर्यंत गेले. नदी ओलांडण्याचाच हा प्रकार.

त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरले. मांडवाला तेरच्या गोरोबाकाकांचे नाव दिलेले होते आणि अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या हरित पट्ट्यासाठी हितसंबंधीयांशी झगडलेला, ‘सुवार्ता’चे संपादन केलेला, धर्मगुरूच्या वेषात ज्ञानोबा-तुकोबांवर बोलणारा हा मराठी लेखक. त्यांच्या निवडीला धर्माच्या कारणावरून काही मंडळींनी विरोध केला होता. प्रकृती साथ देत नसताना ते आले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडून गेले. संमेलनाध्यक्षाची भाषणे सहसा छापील पुस्तिकेत राहतात. त्या तीन दिवसांत मात्र गर्दी पुस्तकांच्या दालनांत होती तशी सभामंडपातही होती. दुष्काळी, मागास अशा विशेषणांनीच ज्याची ओळख करून दिली जाते त्या जिल्ह्याने एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर सन्मानाने बसवले, ही गोष्ट मला जिल्ह्याच्या २०२३ मध्ये झालेल्या नामांतराहून कमी महत्त्वाची वाटत नाही. दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले.

व्यासपीठ नसलेल्या वक्त्यांचाही एक प्रवाह मराठवाड्यात आहे आणि त्यातले ठळक नाव शेजारच्या बीडचे. एकनाथ आवाड, मांग समाजातल्या पोतराजाचा मुलगा. त्यांनी उभ्या केलेल्या संघटनेचे नावच ‘मानवी हक्क अभियान’. बावन्न हक्कांच्या मुलखात हे नाव घेऊन उभे राहण्यात जी जाणीव आहे ती मला फार अर्थपूर्ण वाटते. आवाड यांच्या कामाचा कणा होता गायरान जमिनी. १४ एप्रिल १९९० पूर्वी भूमिहीन दलित-आदिवासींनी कसायला घेतलेली गायराने त्यांच्या नावे करावीत असा शासननिर्णय नोव्हेंबर १९९१ मध्ये निघाला. तारीख आंबेडकर जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची निवडली होती. निर्णय निघाला, पण तो माहीत असणे, कसत असल्याचा पुरावा गोळा करणे, दंडाच्या पावत्या जपून ठेवणे आणि गावाच्या रोषाला तोंड देत शेतात उभे राहणे हे सगळे कुणी तरी सांगावे लागते. वस्तीवरच्या बैठकीत, कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात, हे सांगणारा माणूस हा खरा वक्ता. तालुक्याच्या कार्यालयातून आलेली दंडाची पावती हाच आपला पुरावा आहे, ही गोष्ट भूमिहीनाला पटवणे म्हणजे पुन्हा तेच तडवळ्याचे काम: कागदाचा अर्थ उलटा करून दाखवणे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध निकाल दिला आणि राज्य सरकारनेही त्याला अनुसरून पाऊल उचलले, तेव्हा या कष्टकऱ्यांच्या पायाखालची जमीन पुन्हा हलली. आवाड २०१५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षक अण्णा भाऊ साठ्यांच्या गीतातून घेतलेले आहे. जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत नेले.

आता कॅमेऱ्याकडे. भाषणाला परवाना लागण्याचा काळ गेला, तरी चित्रपटाला तो अजूनही लागतो, आणि माहितीपट करणाऱ्यांचा निम्मा जन्म त्यातच गेला. भोपाळच्या वायुकांडावरचा तपन बोस यांचा माहितीपट, राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही, दूरदर्शनने दाखवायचे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला. आनंद पटवर्धन यांच्या ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ या १९९५ च्या चित्रपटासाठी हाच झगडा २००६ सालापर्यंत चालला. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी तर भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र हवे अशी अट पुढे आली. विरोधामुळे ती मागे घेतली गेली, पण गुजरातच्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ आणि इतर काही चित्रपट निवडीतून वगळले गेले. तेव्हा त्याच शहरात, त्याच दिवसांत, माहितीपटकारांनी ‘विकल्प’ नावाचा आपला महोत्सव भरवला. मक्रणपूरची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

वक्ता आणि माहितीपट एकमेकांत मिसळण्याचे एक उदाहरण म्हणजे दीपा भाटिया यांचा २००९ चा ‘निरोज गेस्ट्स’. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जातात, आणि मग शहरातल्या सभागृहांत ते सगळे सांगतात. कॅमेरा या दोन्ही ठिकाणी त्यांच्याबरोबर असतो. रोमच्या नीरोच्या मेजवानीत उजेडासाठी माणसे जाळली जात होती तेव्हा जेवायला बसलेले पाहुणे कोण होते, हा साईनाथांचा प्रश्न चित्रपटाच्या नावात आला आहे. चित्रण विदर्भाचे असले तरी राज्य सरकारने आत्महत्याग्रस्त म्हणून मोजलेल्या चौदा जिल्ह्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत, धाराशिव त्यांतच. माझी एक तक्रार मात्र नोंदवतो. या चित्रपटातला श्रोता इंग्रजी समजणारा आहे. ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांच्यासमोर हे बोलणे होत नाही. ही मर्यादा साईनाथांची नव्हे, आपल्याकडच्या माहितीपटाच्या बाजारपेठेची आहे. पण मर्यादा ती आहेच.

पटवर्धनांनी ही भिंत जितकी पाडली तितकी दुसऱ्या कुणी क्वचितच पाडली असेल. मुंबईच्या झोपडपट्ट्या हटवण्यावरच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रपटात त्यांनी विलास घोगरे या शाहिराला गाताना टिपले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. चार दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पटवर्धनांनी चित्रण सुरू केले आणि ते चौदा वर्षे थांबले नाही. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. हे सगळे घडेपर्यंत कॅमेरा वाट पाहत राहिला. ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ साली पुरा झाला. तीन तासांहून लांब. त्यात दलित पँथरचे वक्ते भाई संगारे यांचे भाषण आहे, कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांचे गाणे आहे, खैरलांजी आहे. आणि लोक आहेत, आपापल्या दारात उभे राहून स्वतःच्या भाषेत बोलणारे. भाषण, जलसा आणि माहितीपट या तिन्ही गोष्टी इथे एका जागी येतात. शीतल साठे आणि सचिन माळी यांना पुढे भूमिगत व्हावे लागले, २ एप्रिल २०१३ रोजी ते विधान भवनासमोर प्रकट झाले आणि त्यांना अटक झाली. पटवर्धन आणि इतरांनी त्यांच्यासाठी बचाव समिती काढली. म्हणजे चित्रपट काढून झाल्यावरही त्याच्यातली माणसे चित्रपटकाराला सुटली नाहीत.

तो चित्रपट प्रथम लोकांसमोर आला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, २०१२ च्या जानेवारीत. पुढे तो वस्त्यावस्त्यांत, पडदा टांगून, उघड्यावर दाखवला गेला. विलास घोगरे यांचे १९८५ सालचे चित्रण त्यात पुन्हा वापरले आहे. तेव्हा ते एका चित्रपटातले एक गाणे होते. या वेळी समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी त्यांना प्रत्यक्ष गाताना ऐकलेले होते.